झाकली मूठ आणि कर्जाचा कागद

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या घराघरांत मुरलेली आहे. कर्ज झाले तर ते शेजाऱ्यांना कळू नये, पाहुण्यांना कळू नये. कधी कधी तर बायकोलाही कळू नये! अमेरिकेत मात्र एका प्रसंगी ही मूठ सरकारपुढे उघडावीच लागते. तेथे सरकारची गोपनीय माहिती हाताळायची, तर सिक्युरिटी क्लिअरन्स घ्यावा लागतो आणि त्यासाठी ‘एसएफ-८६’ नावाचा लांबलचक अर्ज भरावा लागतो. गेल्या ७ वर्षांत एखादे देणे १२० दिवसांहून अधिक थकले होते काय, कर भरायचा राहिला काय, जुगारापायी पैशाची ओढाताण झाली काय, असे प्रश्न त्यात असतात. तिकडचे नागरिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलामुलींनाही अशी नोकरी हवी असेल, तर यातून सुटका नाही.

माणसाच्या खासगी कर्जाचा देशाच्या सुरक्षिततेशी काय संबंध, असे मलाही प्रथम वाटले. उत्तर मिळाले ते ऑल्ड्रिच एम्सच्या प्रकरणात. सीआयएचा हा अधिकारी कर्जात रुतला होता. घटस्फोटाचाही भार होता. १९८५मध्ये त्याने सोव्हिएत हेरखात्याला गुपिते विकायला सुरुवात केली. पहिल्याच व्यवहारात ५० हजार डॉलर मिळाले. १९८९मध्ये त्याने ५ लाख ४० हजार डॉलरचे घर रोखीने घेतले. १९९४मध्ये तो पकडला गेला. पण त्याने नावे फोडलेली अनेक माणसे तोवर प्राणाला मुकली होती.

आज या परवानगीसाठी जे १३ निकष लावतात, त्यांत आर्थिक स्थिती हा स्वतंत्र निकष आहे. परंतु किती कर्ज म्हणजे फार, याचा आकडा त्यात ठरवलेला नाही. घराचे वा शिक्षणाचे कर्ज वेळेवर फेडणाऱ्याला त्यामुळे धास्ती नाही. नोकरी गेली, आजारपण आले आणि तरीही माणसाने देणेकऱ्यांना तोंड देत हप्ते बांधून घेतले, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते. थकबाकी जाणूनबुजून लपवली, तर मात्र प्रश्न कर्जाचा न राहता खोटेपणाचा होतो आणि त्याला वेगळा निकष लागतो.

आपल्याकडेही केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांतील १७वा नियम याच वाटेचा आहे. सवयीचे कर्जबाजारीपण टाळा, वसुलीचा दावा झाला तर खात्याला ताबडतोब कळवा, असे तो सांगतो. अडचण आपल्या आवाक्याबाहेरची होती, हे दाखवण्याचा भारही कर्मचाऱ्यावरच असतो.

कर्जबाजारी झालेला प्रत्येक जण देश विकायला निघत नाही. बहुतेक जण पोटाला चिमटा घेऊन पै-पै फेडतात. म्हणून रकमेपेक्षा माणूस पाहण्याची ही रीत मला रास्त वाटते. आणि तिच्यातला धडा नोकरीपुरताच नाही. थकलेल्या हप्त्याची नोटीस कपाटातल्या कपड्यांखाली सरकवण्याऐवजी आज रात्रीच्या जेवणानंतर घरच्यांसमोर ठेवून पाहावी. ओशाळल्यासारखे होईल खरे; पण वाट काढायला घरातली चार डोकी तरी एकत्र येतील.