कुलूपबंद संहिता आणि मॅकवरचा वाचक

साहित्याच्या वर्गात संगणकीय खेळांचा विषय निघाला की आमच्या व्यासंगी मित्रांच्या चेहऱ्यावर जे सौजन्यपूर्ण हसू उमटते, त्याच्याशी आमचे भांडण आहे. ‘पोरखेळ’ एवढा एक शब्द उच्चारून प्रश्न निकालात काढणाऱ्यांनी निदान इतके ध्यानात घ्यावे की पाठभेद, प्रक्षेप, रूपांतर, अधिकृत संहिता या ज्या संज्ञांवर आपण परीक्षेत गुण देतो, त्यांचा एक अत्यंत जिवंत व्यवहार आज याच पोरखेळात चालू आहे. त्याला ‘मॉड करणे’ म्हणतात. विकत घेतलेल्या खेळाच्या आतल्या फायली उघडायच्या, त्यातले संवाद, नकाशे, पात्रे, नियम बदलायचे आणि आपला पाठ इतरांच्या हाती द्यायचा, असा हा उद्योग. जगभर खेळला गेलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ 1999 साली ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्या खेळाचा असाच एक पाठभेद म्हणून जन्मला.

हा उद्योग मॅकवर करू जाणाऱ्याची काय गत होते, ते आम्ही धामापुरात पाहिले. मुंबईस शिकणारा आमचा एक विद्यार्थी मे महिन्याच्या सुट्टीत गावी आला होता. एका खेळातल्या गावकऱ्यांना मालवणी बोलायला लावावे, असा त्याचा मानस. संवाद त्याने लिहिले, आणि चांगले लिहिले. पण ते खेळात भरण्याचे साधन केवळ विंडोजसाठी केलेले. शेजाऱ्याचा संगणक मागून आणून त्याने फायली बांधल्या, तर मॅकची आवृत्ती दुसऱ्याच कंपनीने तयार केलेली. तिची रचना वेगळी आणि ती मूळ आवृत्तीच्या एक पाऊल मागे. तेही जुळवून घेतले, तेव्हा देवनागरीने दगा दिला. त्या खेळाला ‘क’ ठाऊक, वेलांटी ठाऊक. पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, हे ठाऊक नाही. जोडाक्षरांचे पाय मोडून पडलेले. विंडोजवर अशा वेळी बाहेरून एखादी डीएलएल फाईल घुसवून दोष दूर करणारे हौशी लोक असतात. मॅकच्या आवृत्तीला ती फाईल परकी. संवाद वहीतच राहिले.

हे यंत्र पहिल्यापासून असे नव्हते, ही यातली खरी बोच. जुन्या मॅकसाठी खुद्द ॲपलने ‘रेसएडिट’ नावाचे साधन काढले होते. त्याने कोणत्याही प्रोग्रॅमचे पोट उघडून आतली चित्रे आणि मजकूर बदलता येत असे. बंजी या कंपनीने 1994 साली ‘मॅरेथॉन’ हा खेळ मॅकसाठीच काढला आणि 1996 च्या ‘मॅरेथॉन इन्फिनिटी’सोबत आपली संपादनाची साधने खेळणाऱ्यांच्या हाती दिली. पुढे दारे एकेक करून लागत गेली. 2012 मध्ये ‘गेटकीपर’ आला. अनोळखी रचनाकाराचा प्रोग्रॅम सहजी उघडेना. 2019 च्या ‘कॅटालिना’ने 32-बिटचे सारे प्रोग्रॅम बंद केले, आणि त्यांच्याबरोबर ‘हाफ-लाइफ 2’सारखे खेळ आणि त्यांवर रचलेले पाठभेदही गेले. 2022 च्या ‘व्हेंचुरा’पासून एका प्रोग्रॅमने दुसऱ्यात फेरफार करायचा तर वेगळी परवानगी लागते. 2024 च्या ‘सेक्वोया’ने गेटकीपरला वळसा घालण्याची सोपी वाटही काढून घेतली. ‘काउंटर-स्ट्राइक 2’ 2023 मध्ये आला तो मॅकला वगळूनच.

सुरक्षेसाठी हे करावे लागते, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. चोरट्या प्रोग्रॅमांचा उपद्रव खराच आहे. पण सुरक्षेसाठी लावलेल्या कुलपाचे साहित्यात काय होते, हे मराठीच्या अभ्यासकाला कुणी बाहेरच्याने शिकवावे काय? महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले. श्रद्धेपोटी, भयापोटी, जपणुकीच्या इच्छेने. परिणाम असा की विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांना त्या लिपीची किल्ली गवसेपर्यंत ‘लीळाचरित्रा’सारखा ग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला जणू नव्हताच. उलट ‘मॅरेथॉन 2’ची मूळ संहिता बंजीने 2000 साली खुली केली, तिच्यावर हौशी मंडळींनी ‘अलेफ वन’ उभे केले, आणि तो खेळ आजच्या मॅकवरही चालतो.

यावर कुणी एकनाथांचा दाखला देईल. शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत आपल्या ओव्या घालणाऱ्यांना खडसावले, हे आम्हांस मान्य आहे. पण पाठशुद्धी करायला एकनाथांना प्रती उघडता आल्या! कुलूपबंद पोथीपुढे एकनाथही हतबल झाले असते.

आणि आमच्या या मुलखाला तर संहितेचे सोवळे कधी शिवलेच नाही. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी उभे राहतात तेव्हा त्यांच्या हाती लिहिलेले नाटक नसते. आख्यान ठरते, कोणी कोणती भूमिका घ्यायची ते ठरते. संवाद नट ऐन वेळी रचतो. कालचे आख्यान आज वेगळे होते, आणि प्रेक्षक त्यासाठीच पुन्हा येतात. पुढे कुणी त्यात ‘ट्रिकसीन’ही आणले. त्याबद्दल नाके मुरडणारे आहेत (आम्हीही कधी मुरडली आहेत), पण ते आणायला कुणाच्या परवानगीची सही लागली नाही.

मग आमचे मागणे तरी काय? खेळातला मजकूर साध्या, वेगळ्या फायलीत ठेवावा आणि देवनागरी नीट जुळवून दाखवण्याची सोय मुळातच करावी, एवढे खेळ करणाऱ्यांकडे. आपण विकत घेतलेल्या वस्तूत स्वतःच्या जोखमीवर बदल करणाऱ्याला एक सरळ दार ठेवावे, एवढे यंत्र करणाऱ्यांकडे. आणि शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा देवलांनी केलेला ‘झुंझारराव’ ज्या आस्थेने शिकवला जातो, तिचा एक अंश या खटाटोपाला मिळावा, एवढे आमच्या हसऱ्या मित्रांकडे. मालवणी संवादांची ती वही धामापुरात आमच्याकडेच आहे. रूपांतराच्या तासाला वाचून दाखवायची असेल, तर घेऊन जावी.