एसीचा हिशेब छपरापासून सुरू होतो

गेल्या मे महिन्यातली दुपार. सत्तरीच्या एका आजीबाईंना त्यांचा मुलगा रिक्षातून आमच्या सरकारी रुग्णालयात घेऊन आला. अंग तव्यासारखे तापलेले, त्वचा कोरडी, बोलणे असंबद्ध. ताप 106 फॅरनहाइट. हा उष्माघातच होता. ओल्या चादरी, बर्फ, पंखा, सलाइन असे सगळे तातडीने सुरू केले आणि सुदैवाने संध्याकाळपर्यंत त्या माणसे ओळखू लागल्या. मुलगा मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘‘डॉक्टरसाहेब, आई उन्हात गेलीच नव्हती हो. घरातच होती.’’

घर पत्र्याचे होते. घरी सोडण्याच्या दिवशी त्याने विचारले, ‘‘हप्त्याने एसी घेऊन टाकू का? तीस-पस्तीस हजारांत बसतो म्हणतात.’’

मी नशिराबादचा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जाणे आम्हाला नवीन नाही. मे 2024 मध्ये तर जळगाव जिल्ह्यात उष्णतेमुळे कलम 144 खाली आदेश काढावा लागला होता. पण एसीचा प्रश्न पूर्वी व्यापारी आणि नोकरदार विचारत. आता तो पत्र्याच्या घरात राहणारेही विचारू लागले आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, हप्ते सोपे झाले, त्यामुळे यंदा तो आणखी विचारला जाईल. म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी एक गैरसमज दूर करू. एसी म्हणजे चैन, असे आपण मानतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले लोकही तसेच मानत. थंड हवेचा मुलुख, घरे बांधली ती ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी. एसीवर खर्च कशाला करायचा, असा तिथला सरळ हिशेब होता. जून 2021 च्या अखेरीस तिथे उष्णतेची लाट आली. लिटन या गावात पारा 49.6 अंशांवर गेला. त्या लाटेत प्रांतात 619 जण दगावले. चौकशीत दिसले की त्यातले 98 टक्के लोक घरात किंवा इमारतीच्या आतच उष्णतेने गाठले गेले होते. बहुतेक वयस्कर होते, निम्म्याहून अधिक एकटे राहत होते आणि बहुतेकांकडे एसी नव्हता. 2023 मध्ये तिथल्या सरकारने गरीब आणि आजारी लोकांच्या घरी सुमारे 8,000 एसी मोफत बसवण्यासाठी एक कोटी डॉलर दिले.

कॅनडाच्या त्या वृद्धांना आणि आमच्या आजीबाईंना उन्हाने नाही, घराने गाठले. त्यामुळे वृद्ध, हृदयविकार किंवा किडनीचे रुग्ण, मानसिक आजाराची औषधे घेणारे, तान्ही बाळे यांच्यासाठी गार खोली ही चैन नाही, औषध आहे. पण कोणतेही औषध लिहून देताना डॉक्टर तीन गोष्टी पाहतो: त्याची मात्रा, त्याचे दुष्परिणाम आणि ते रुग्णाला परवडते का. एसीलाही हेच लावून पाहू.

पहिला खर्च यंत्राचा. एक टनाचा साधा एसी तीस-पस्तीस हजारांच्या आसपास येतो. त्यावर बसवण्याची मजुरी, लागल्यास जास्तीचा तांब्याचा पाइप, स्टँड आणि स्टॅबिलायझर. जुन्या घरात स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंगही हवे. ते टाळले तर आगीला निमंत्रण. म्हणजे पहिल्याच दिवशी आकडा सहज चाळीस हजारांच्या पुढे जातो.

दुसरा खर्च विजेचा, आणि खरा चटका इथेच बसतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. वहन आकार धरून साधारण आकडे घेऊ: पहिल्या 100 युनिटांना सहा रुपये, 101 ते 300 ला अकरा, 301 ते 500 ला चौदा. ज्या घराचा महिन्याचा वापर 90 युनिट आहे, त्याचे विजेचे 540 रुपये होतात. आता रोज आठ तास एसी लावला, तासाला एक युनिट धरले, तर महिन्याला 240 युनिटांची भर. एकूण झाले 330. त्याचे 600 अधिक 2,200 अधिक 420, म्हणजे 3,220 रुपये. स्थिर आकार आणि वीज शुल्क वेगळे. वापर पावणेचार पट झाला, पण बिल सहा पट. मोलमजुरीच्या घरात मग काय होते, ते मी पाहिले आहे. पहिले बिल आले की एसी पाहुण्यांपुरता उरतो, आणि ज्या आजीसाठी तो घेतला तिलाच ‘राहू दे’ म्हणावे लागते.

तिसरा खर्च कोणी सांगत नाही. तो छपराचा. एसीवर लिहिलेली टनाची क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते. आमच्याकडे 45 अंशांत तेच यंत्र कमी गारवा देते आणि वीज जास्त खाते. वर तापलेला पत्रा असेल तर एसीची बरीचशी ताकद छपरातून उतरणारी उष्णता उपसण्यातच जाते. भोक पडलेल्या माठात पाणी भरण्यासारखे ते आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना हे ठाऊक होते. खान्देशातली धाब्याची घरे, त्यांच्या जाड मातीच्या भिंती आणि छपरावर खाऱ्या मातीचा थर, ही उष्णता अडवण्याचीच सोय होती. ती घरे पाडून आपण पत्रे टाकले, स्लॅब टाकला. पत्रा दिवसा भाजतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्यावर ओततो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते हार मानते.

म्हणून त्या मुलाला मी सांगितले, पैसे आधी छपरावर लाव. स्लॅब असेल तर चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग, पत्रा असेल तर त्यावर टिकणारा पांढरा परावर्तक रंग आणि खाली वीतभर पोकळी सोडून छत. नुसत्या पांढऱ्या रंगानेही खोलीचे तापमान दोन ते पाच अंश उतरू शकते, आणि त्याला वीज लागत नाही. तेलंगणाने 2023 मध्ये अशा छपरांसाठी धोरणच केले. खिडकीवर बाहेरून सावली करा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो.

दुसरी पायरी कूलरची. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी, त्यामुळे कूलर इथे उत्तम चालतो आणि वीज एसीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास घेतो. मात्र खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होऊन उलटाच त्रास. पाणी भरताना प्लग काढा. ओल्या हाताने लोखंडी कूलरला शिवून शॉक लागल्याचे रुग्ण दर उन्हाळ्यात येतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचा डास त्याच पाण्यात वाढतो. पारा 40 च्या वर असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा घेऊ नका; तो गरम हवाच फेकतो. अंग ओले करून घ्या. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर निकामी होतो, हेही लक्षात असू द्या.

एवढे करूनही घरात जोखमीचे माणूस असेल आणि बिल झेपत असेल, तर एसी जरूर घ्या. पण एकाच खोलीत घ्या, आणि दुपारी व रात्री सगळे त्याच खोलीत बसा-झोपा. 18 अंशांवर हुडहुडी भरवण्याची गरज नाही. 26-27 अंश आणि सोबत पंखा ही योग्य मात्रा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते.

आणि ज्यांना यातले काहीच परवडत नाही, त्यांचे काय? आपल्याकडे सावदा-रावेर भागात केळी पिकवण्यासाठी वातानुकूलित खोल्या आहेत. केळीच्या पीकविम्यात जास्त तापमानाचीही नोंद आहे. हे योग्यच आहे. पण केळी पिकवणाऱ्या मजुराला दुपारी चार तास बसता येईल अशी एक गार खोली प्रत्येक गावात का नसावी? ग्रामपंचायतीचे सभागृह, शाळेचा वर्ग, मंदिराचा सभामंडप, मशिदीचा हॉल, कुठेही चालेल. दोन कूलर, पाण्याचे माठ आणि ओआरएसची पाकिटे एवढाच खर्च. प्रत्येक घरात एसी बसवण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे.

त्या मुलाने पत्र्याला पांढरा रंग दिला, खाली छत केले आणि जुना कूलर दुरुस्त करून घेतला. एसीचा विचार अजून सोडलेला नाही, असे तो परवा भेटला तेव्हा म्हणाला. मी म्हटले, सोडूही नको. फक्त भर दुपारी एकदा आईच्या खोलीत अर्धा तास बसून बघ आणि मग ठरव.

तुम्हीही बघा. आणि घरातले कोणी तापून असंबद्ध बोलू लागले, तर क्रोसिन देत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.