काळा गूळ आणि रंगीत खोकी

ऊसतोड सुरू झाली, गुऱ्हाळांची चुलवाणे पेटली, आणि आमच्या दारी दरवर्षीचा प्रश्न पुन्हा आला. "फादर, माल चांगला आहे, पण लोकांना कळायचं कसं? जाहिरातीला पैसा कुठला आणायचा?" प्रश्न एका घरचा नाही. कुणाच्या घरी काजू आहेत, कुणाची रताळी, कुणाची गावठी अंडी, कुणाचे लोणचे. आज आम्ही गुळापुरतेच लिहिणार आहोत. गुळाच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती कबूल केल्यावाचून इतरांना शहाणपण सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही.

2022 च्या हंगामात आमच्या धर्मग्रामातील एका जोडप्याने गुळात हायड्रॉस घालायचे नाही असे ठरवले. ज्यांच्या शेतात ऊस आहे त्यांना हायड्रॉस काय ते सांगायला नको. काहिलीत रस उकळताना ही पांढरी पूड टाकली की गूळ पिवळाधमक दिसतो. अडतीवर पिवळ्याला दर मिळतो, म्हणून सगळे टाकतात. पण या पुडीतील गंधकाचा अंश गुळात मागे राहतो आणि दम्याच्या रोग्यांना तो बाधू शकतो. शिवाय हा रंगही टिकत नाही. चार-दोन महिन्यांत तोच गूळ पुन्हा काळवंडतो. या जोडप्याने त्याऐवजी जुन्या लोकांची रीत धरली. रानभेंडीची मुळे आणि देठ ठेचून त्याचा चिकट रस काहिलीत सोडायचा, मळी वर आली की झाऱ्याने काढायची. गूळ उतरला तांबूस काळसर, पण चवीला असा की आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनी दुसरा गूळ आणायला साफ नकार दिला.

अडतीवर मात्र त्या ढेपांना हलका दर लागला. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो. तोडणी, जळण आणि गुळव्याची मजुरी वजा केल्यावर हाती उरते काय? बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "फादर, खरेपणानं वागलं की असंच होतंय बघा." हे वाक्य आमच्या फार जिव्हारी लागले. धर्मगुरूला असे वाक्य ऐकावे लागले की तो घाईने काहीतरी उपाय सुचवतो. आम्हीही सुचवला.

आम्ही त्यांना छापखान्याचा रस्ता दाखवला. चांगली रंगीत खोकी करा, वर उसाचे चित्र घाला, नाव ठळक छापा, शहरातील लोक खोके बघून घेतात, असे आम्ही सांगितले. बाईंनी बचतगटातून कर्ज काढले. कमी नगाचा दर परवडत नाही म्हणून एकदम दोन हजार खोकी छापली. खोकी आली तेव्हा मे महिना सरत आला होता. पुढे आपल्याकडचा पाऊस! गूळ हवेतले पाणी ओढतो हे शेतकऱ्याच्या पोराला कळते, पण सेमिनरीत शिकलेल्या आम्हांला त्या क्षणी आठवले नाही. पुठ्ठा मऊ पडला, गुळाला पाणी सुटले, चित्रातील हिरवा रंग गुळाला लागला. दोनशे खोकीही खपली नाहीत. उरलेल्या खोक्यांत त्यांच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. कर्जाचे हप्ते मात्र दीड वर्ष चालले, आणि ते हप्ते त्या माउलीने लोकांच्या शेतात भांगलण करून फेडले. आम्ही काही भार उचलू म्हटले तेव्हा तिने नको म्हटले. ते "नको" आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून आमचे आजचे मत असे आहे की ज्याच्याकडे पैसा थोडा आहे त्याने तो खोक्यावर, रंगीत पत्रकांवर आणि भोंग्याच्या गाडीवर घालू नये. पहिला पैसा काट्यावर घालावा. वजनमापे खात्याचा शिक्का असलेला काटा घ्यावा. दुसरा पैसा अन्नसुरक्षेच्या नोंदणीवर घालावा. 2006 च्या कायद्याप्रमाणे घरच्या चुलीवर केलेला पदार्थ विकणाऱ्यालाही ती लागते, आणि लहान उद्योगाला तिचे शुल्क थोडके असते. तिसरा पैसा हवाबंद पिशवीवर आणि साध्या चिठ्ठीवर. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, आपले नाव व पत्ता, नोंदणीचा क्रमांक, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, किंमत आणि तक्रारीसाठी फोन एवढे असावे. चिठ्ठी एका रंगात छापली तरी चालते. एवढे झाल्यावर पैसा उरला तर तो घरात ठेवावा.

मग लोकांना कळणार कसे? याचे उत्तर आम्हांला आमच्या डोक्यातून सुचले नाही. ते चोर्ला घाटात सापडले. दरवर्षी आपल्या भागातून संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला लोक चालत जुन्या गोव्याला जातात. 2024 साली पवित्र अवशेषांचे दर्शन 21 नोव्हेंबरला सुरू झाले, म्हणून मंडळी जास्त होती. त्या जोडप्याच्या मुलाने वाटेत खायला म्हणून एक ढेप फोडून, शेंगदाण्यांबरोबर छोट्या पुड्या बांधून नेल्या होत्या. विकायचा विचारही नव्हता. चालणाऱ्यांना वाटल्या. दुसऱ्या गावच्या एका बाईने विचारले, "बाळा, हा गूळ कुठला रे?" त्याने कागदावर फोन लिहून दिला. नाताळाच्या आधी त्या एका गावातून तीस किलोची मागणी आली. नेवऱ्यांना गूळ लागतोच.

इथे नीट लक्ष द्या. तोंडात गेलेला खडा जे काम करतो ते दोन हजार खोकी करू शकली नाहीत. शिवाय वेळ साधली गेली. नवा गूळ निघतो तेव्हाच नोव्हेना असते, आणि पाठोपाठ नाताळ. आपल्या मालाचा हंगाम आणि गिऱ्हाइकाच्या घरचा सण यांची गाठ कुठे पडते हे ज्याने ओळखले त्याची अर्धी जाहिरात झाली. रताळीवाल्यांनी महाशिवरात्रीचा आणि एकादशीचा उपास ध्यानात ठेवावा. शेजारधर्म तो, आणि धंदाही.

पुढे त्या मुलाने तीन गोष्टी केल्या. अर्ध्या किलोचे रवे पाडले, कारण दहा किलोची ढेप शहरातील चार माणसांच्या घरात कोण नेणार? गिऱ्हाइकांची वही ठेवली. कुणी किती नेला, कधी संपेल, कुणाला काकवी हवी, सगळे त्यात. आणि गुळाचे आधण उतरण्याच्या दिवशी त्या वहीतील लोकांना फोनवर काहिलीचा एक फोटो पाठवू लागला. रोज नव्हे, उगाच नव्हे, आधणाच्या दिवशीच. खर्च शून्य. एक गोष्ट मात्र त्याला जमत नव्हती, ती म्हणजे नातेवाइकांना उधार नाही म्हणणे. ती आम्हांलाही शिकवता आली नाही. शेवटी त्याच्या आजीने ते काम हाती घेतले, आणि आता उधारी मागायला कुणी जात नाही!

आता एका धोक्याविषयी थोडे कडक बोलतो. गेल्या हंगामात आमच्याच एका तरुणाने आपल्या पिशवीवर छापले की हा गूळ खाल्ल्याने मधुमेह बरा होतो. फुकटची जाहिरात म्हणून हे वाक्य फार झपाट्याने पसरते, यात संशय नाही. पण ते असत्य आहे. गूळ कितीही शुद्ध असो, त्यातील मोठा भाग साखरच असतो, आणि मधुमेह्याच्या रक्तातील साखर तो वाढवतो. त्यात लोह आहे, पण रक्तक्षय झालेल्या गरोदर बाईने डॉक्टरांच्या गोळ्या सोडून गुळावर विसंबणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. कायदाही गप्प बसत नाही. अन्नपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आम्ही दंडाची भीती दाखवत नाही. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असे सांगते, आणि पिशवीवर छापलेले वाक्य हीसुद्धा साक्षच आहे. आपल्याच बाकावर बसणारी म्हातारी ते वाचून औषध सोडील. "हायड्रॉस घातलेले नाही, म्हणून रंग गडद आहे" एवढे खरे वाक्य छापा. ते विकायला पुरते. त्या तरुणाने पिशव्या बदलल्या, हे सांगितले पाहिजे.

काही जण आम्हांला म्हणतात, फादर, मिस्सेनंतर वेदीवरून एक शब्द टाका, सगळे घेतील. आम्ही टाकणार नाही. एकाचे नाव घेतले तर दुसऱ्याचे का नाही? आणि फादरांनी सांगितले म्हणून घेतलेला माल वाईट निघाला तर लोक गुळावर चिडणार नाहीत, चर्चवर चिडतील. येशूने मंदिरातील व्यापाऱ्यांचे चौरंग उलथवले, हे वाचून दाखवणाऱ्यानेच तिथे दुकान मांडावे काय?

कुंपणाच्या बाहेर मात्र आमची हरकत नाही. येत्या 3 डिसेंबरला, फेस्ताच्या मिस्सेनंतर, फाटकाबाहेरच्या चिंचेखाली सहा टेबले मांडली जातील. भाडे नाही. जागा चिठ्ठ्या टाकून ठरेल. ज्याला टेबल हवे त्याने चवीसाठी थोडा माल बाजूला काढावा, काटा आपला आणावा आणि चिठ्ठीचा मजकूर आधी आम्हांला दाखवावा. खोकी छापायची असतील तर आम्हांला विचारू नये.