व्यसन रक्तात नसते

"दारू त्यांच्या रक्तातच आहे." आपल्या वस्त्यांबद्दल हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. दुःख याचे, की आज आपलीच माणसे व्यसनात अडकलेल्या शेजाऱ्याबद्दल हेच बोलतात. विज्ञान काय सांगते, ते एकदा नीट पाहिले पाहिजे.

आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचे रसायन असते. आनंद, ओढ, "पुन्हा हवे" ही भावना याच्याशी जोडलेली आहे. हे रसायन पेशीवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटते. किल्ली कुलपात बसावी तसे. त्यातील एका रिसेप्टरचे नाव डी-2. कोकेन, दारू यांच्या व्यसनात अडकलेल्यांच्या मेंदूत हे डी-2 कमी आढळतात, हे डॉ. नोरा व्होल्कोव यांनी स्कॅनच्या आधारे दाखवले.

मग प्रश्न येतो, ते जन्मतःच कमी असतात का? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात वेक फॉरेस्ट विद्यापीठ आहे. तेथील मायकेल नेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 माकडांवर केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. माकडे आधी एकेकटी ठेवली होती. तेव्हा त्यांच्या डी-2 मध्ये फरक नव्हता. मग चार-चारांचे गट केले. प्रत्येक गटात कोणी वरचढ झाला, कोणी दबला. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केले. वरचढ माकडांच्या मेंदूत डी-2 वाढले होते, दबलेल्यांच्या मेंदूत वाढले नव्हते. पुढे खटका दाबून कोकेन घेण्याची सोय केली, तेव्हा दबलेली माकडे ते वारंवार घेऊ लागली. वरचढ माकडांना त्याची तशी ओढ लागली नाही.

म्हणजे फरक जन्माचा नव्हता, जागेचा होता. श्रेणीबद्ध विषमता माणसाला आतून काय करते, हे बाबासाहेबांनी आपल्याला समाजाच्या अंगाने शिकवले. या अभ्यासात त्याची छाया मेंदूच्या पेशीपर्यंत दिसते, असे आम्हाला वाटते.

पण माकड म्हणजे माणूस नव्हे. "वस्तीतल्या लोकांचा मेंदूच कमी" असा अर्थ कोणी काढला, तर ती जुनीच जातीची भाषा नव्या कपड्यांत येईल. तो अर्थ आम्ही साफ नाकारतो. उलट, परिस्थिती बदलली तर मेंदूही बदलू शकतो, हाच या अभ्यासाचा धडा आहे. आणखी एक गोष्ट. याच गटाच्या पुढील अभ्यासात असे दिसले, की वर्षानुवर्षे कोकेन घेतल्यावर वरचढ आणि दबलेल्यांतला तो फरक उरला नाही. म्हणून "आपल्याला काही होत नाही" या भ्रमात कोणीही राहू नये. पाचवे शील सर्वांसाठीच आहे.

मग पिणाऱ्याचा काहीच दोष नाही का? बायको-मुलांवर उचललेल्या हाताची जबाबदारी त्याचीच. मारहाण सहन करू नका. मात्र जबाबदारी घ्यायला लावणे वेगळे आणि चारचौघांत अपमान करणे वेगळे. ज्याला आधीच सगळीकडे खाली दाबले जाते, त्याला आपणही दाबले, तर तो पुन्हा गुत्त्याकडेच वळतो.

घरच्यांनी एक धोका मात्र ओळखावा. रोज भरपूर पिणाऱ्याला कोंडून एकदम दारू बंद करू नका. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू तिच्याविरुद्ध स्वतःला जास्त जागा ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली की तोच मेंदू भडकतो. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. यात जीवही जातो. हे भूतबाधा नव्हे; याला औषध आहे. अशा वेळी ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्या. सल्ल्यासाठी 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

आणि जो सोडून परत येतो, त्याला जागा द्या. विहाराच्या कामात, जयंतीच्या समितीत, मुलांच्या अभ्यासिकेत त्याच्यावर एखादी जबाबदारी सोपवा. औषध दवाखान्यात मिळेल. मान मात्र वस्तीनेच द्यायचा आहे.