यूनानी चिकनमध्ये मसाला कुठंय?

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला ग्रीस हा देश आधी 'यूनान' म्हणून भेटतो. यूनान म्हणजे हकीमसाहेबांचा दवाखाना, माजूनची बरणी आणि बुकरात, जालिनूस अशी भारदस्त नावं. बुकरात म्हणजे हिपोक्रेटिस, जालिनूस म्हणजे गॅलन. भेळ झकास जमली की मराठीत आपण जिला 'अफलातून' म्हणतो, तो अफलातूनही मूळचा प्लेटो. त्यामुळे एका रविवारी मी "आज यूनानी चिकन करते" असं जाहीर केलं, तेव्हा अम्मीनं चश्मा काढून विचारलं, "किसकी तबियत खराब है?"

कुणाचीच नव्हती. मला फक्त तो ग्रीक पद्धतीचा मुरवणीचा प्रकार करून बघायचा होता. किलोभर चिकन, शक्यतो मांडीचं, हाड काढलेलं. छातीचं निखाऱ्यावर लगेच कोरडं पडतं. त्याला पाच-सहा मोठे चमचे ऑलिव्ह तेल, तीन लिंबांचा रस, एका लिंबाची किसलेली साल (वरचा रंगीत भागच, पांढरा आला की कडवट होतं), सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन लहान चमचे वाळलेला ओरेगॅनो, दीड चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड. संपलं.

अम्मी पातेल्यात डोकावली. "इसमें तो मसालाच नै!"

या 'मसालाच'मधला 'च' मराठीतून दखनीत आलेला आहे. लखनौच्या उर्दूत तो नाही. आमच्या सोलापूरच्या घरात मात्र त्याच्याशिवाय एक वाक्य पुरं होत नाही. पण ते नंतर. आत्ता तिचा हात मसाल्याच्या डब्याकडे निघाला होता आणि मी तो अडवला.

का अडवला ते सांगते. ग्रीक चिकन म्हणून आपल्याकडे जे चालतं, त्यात आलं-लसणाची पेस्ट असते, लाल तिखट असतं, गरम मसाला असतो, वरून चाट मसाला आणि पिझ्झाबरोबर आलेल्या पुडीतला चिमूटभर ओरेगॅनो. तो टिक्का झाला. टिक्का उत्तमच असतो, पण मग त्याला टिक्का म्हणा. परक्या घरचा पदार्थ पहिल्यांदा करताना त्याच घरच्या रीतीनं करावा, असं माझं मत आहे. वर्गात मुलं 'माझी पुस्तक हरवली' असं लिहितात. मी लाल शाईनं खूण करते, पण रागावत नाही. उर्दूतली 'किताब' स्त्रीलिंगी, तिचं लिंग पोरानं मराठीत उचलून आणलेलं असतं. चूक समजण्यासारखी असली तरी मराठीत पुस्तक नपुंसकलिंगीच राहतं.

शिवाय या साध्या मुरवणीत प्रत्येकाला नेमून दिलेलं काम आहे. मीठ मांसात आतवर शिरतं आणि पाणी धरून ठेवतं. लिंबाचा रस मात्र वरच्या थरातच काम करतो, म्हणून जास्त वेळ ठेवलं तर आतून काही फरक पडत नाही आणि बाहेरून चिकन पिठूळ होतं. तासभर, फार तर दोन तास, तेही फ्रिजमध्ये. रात्रभर मुरवायचंच असेल तर लिंबाचा रस कमी करून घट्ट दही घ्यावं, तेही ग्रीसमध्ये करतात. दह्याचं आम्ल सौम्य असतं. तेल लसणाचा आणि ओरेगॅनोचा वास धरून ठेवतं आणि मांस जाळीला चिकटू देत नाही. ओरेगॅनो टाकण्यापूर्वी तळहातांवर चोळायचा, मग त्याचा वास उठतो. तो वास अम्मीनं लगेच ओळखला: "ये तो ओवे के पत्ते!" अगदी चूक नव्हती. कुंडीत लावतो त्या पानओव्यात आणि ओरेगॅनोत वासाची द्रव्यं बरीचशी तीच असतात, आणि दोन्ही तुळशीच्या कुळातली.

हलालचं विचारणाऱ्यांसाठी: काही पाककृतींत पांढरी वाइन असते, पण ती नसल्यानं काही अडत नाही, आंबटपणाचं काम लिंबू करतंच. ग्रीसमध्ये सुव्लाकी, म्हणजे सळईवरचे तुकडे, बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे असतात हेही माहीत असू द्या. कोंबडीचेही मिळतात. आपण कोंबडीचे करू.

एवढं वाचून कुणी मला शुद्धतावादी म्हणेल. म्हणून आता उलट बाजू.

ज्याला आपण अस्सल ग्रीक चव म्हणतो, ती लिंबाची चव प्राचीन अथेन्सच्या स्वयंपाकात नव्हती. भूमध्य समुद्राच्या काठी लिंबाच्या बागा पसरवण्यात अरबांचा मोठा वाटा. फारसीत लीमू, अरबीत लैमून, ग्रीकमध्ये लेमोनी. आपलं लिंबू त्याच गोतावळ्यातलं. ग्रीक चिकनबरोबर दही-काकडीचं जे त्झात्झिकी देतात, ते तुर्कांचं 'जाजिक'. त्यांचे केफ्तेदेस म्हणजे आपले कोफ्ते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाओस त्सेलेमेंतेस या नामवंत आचाऱ्यानं ग्रीक स्वयंपाकातून हे सगळं 'पूर्वेकडचं' धुऊन काढायचं मनावर घेतलं. मसाले, लसूण, तेल कमी करायचं, फ्रेंच सॉस आणायचे. आज ग्रीक मुसाकावर जो दुधा-मैद्याचा पांढरा थर असतो, तो त्याचाच. म्हणजे तुर्की रंग पुसायला गेले आणि पॅरिसचा लावून बसले.

ताटात हे हसण्यासारखं आहे. माणसांच्या बाबतीत नाही. १९२३ च्या जानेवारीत लोझान इथं ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. अनातोलियातले सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे (त्यातले बहुतेक आधीच्या वर्षीच जीव मुठीत धरून पळाले होते) आणि ग्रीसमधले साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानकडे. इस्तंबूल आणि पश्चिम थ्रेससारखे अपवाद सोडले, तर कोण कुठला हे ठरवायची कसोटी एकच होती: धर्म. भाषा विचारलीच नाही. कारामानली ख्रिस्ती घरात तुर्की बोलत, ग्रीक लिपीत तुर्की लिहीत. त्यांना 'मायदेशी' ग्रीसला पाठवलं. क्रीटच्या कितीतरी मुसलमानांना ग्रीकशिवाय दुसरी भाषा धड येत नव्हती. त्यांना 'मायदेशी' तुर्कस्तानात उतरवलं. दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या बाईला हे वाचताना काय वाटलं असेल, ते तुम्ही समजू शकता.

तिकडे पोचल्यावर काय झालं? ग्रीसमध्ये आलेल्या निर्वासितांना स्थानिक लोक एक शिवी देत. तिचा अर्थ 'दह्यात बाप्तिस्मा झालेले'. तुम्ही खरे ख्रिस्ती नाही, तुमच्यावर पाणी नाही, दही ओतलंय. क्रीटहून तुर्कस्तानात गेलेल्या मुसलमानांना तिकडे 'अर्धे काफिर' म्हणत. त्यांचं ऑलिव्ह तेल आणि रानभाज्यांवरचं प्रेम हा चेष्टेचा विषय झाला. ज्या दह्यावरून शिवी दिली, ते आज ग्रीसची ओळख म्हणून जगभर विकलं जातं. आणि स्मिर्नाच्या निर्वासितांनी आणलेले जिऱ्याचे लांबट कोफ्ते अथेन्सच्या खानावळीत स्मिर्नाचंच नाव लावून मिळतात.

मला दह्याची शिवी कुणी दिलेली नाही. पण एका कार्यक्रमात माझं भाषण झाल्यावर पाहुण्यांनी खूप कौतुकानं म्हटलं होतं, "मुस्लिम असून किती शुद्ध मराठी!" टाळ्याही पडल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यामुळेच मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका लग्नात नात्यातल्या एका खालांनी माझ्या मुलीला मराठीत बोलताना ऐकलं. "घर में भी मराठी? अपनी जबान भूल जाएंगे बच्चे." हे त्या ज्या दखनीत म्हणाल्या, तिच्यात दर दोन वाक्यांनी एक 'च' होता. या 'असून'चा आणि त्या 'अपनी'चा मला सारखाच राग येतो. दोन्हीकडे गृहीत धरलेलं असतं की धर्म सांगितला की भाषा आणि ताट आपोआप कळतं. लोझानला सह्या करणाऱ्यांचीही तीच समजूत होती.

मग अम्मीचा हात का अडवला, असं विचाराल. मिसळण्याला माझा विरोध नाही. मी स्वतःच मिसळलेली आहे. पण तो 'च' काही एका दुपारी कुणी डब्यातून काढून दखनीत टाकला नव्हता. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहून तो मुरला. समोरचं काय आहे हे चाखायच्या आधीच त्यावर आपला मसाला ओतणं वेगळं. त्यात शेजार नसतो, घाई असते.

बाकी कृती थोडी उरलीय. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर जळतात. शेगडीत ज्वाला नको, राखेचा थर धरलेले निखारे हवेत. तुकड्यांवरचा लसूण झटकून घ्या, तो आधी करपतो. दहा-बारा मिनिटं उलटसुलट भाजायचं; जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. कच्चं चिकन ज्यात मुरलं ते तेल-लिंबू वरून लावायचं नाही, ते टाकून द्यायचं. त्यासाठी थोडं तेल, लिंबू आणि ओरेगॅनो आधीच वेगळं घुसळून ठेवायचं. ग्रीक लोक त्याला लादोलेमोनो म्हणतात. लादी म्हणजे तेल, लेमोनी म्हणजे लिंबू. गरम तुकड्यांवर हे ओतलं की जो वास येतो, त्यानं शेजारच्या गच्चीवरचं पोरगं कठड्याशी येऊन उभं राहिलं. त्यालाही दोन काड्या दिल्या.

अम्मीनं चार तुकडे खाल्ले, पाचवा घेतला आणि निकाल दिला: "अच्छा है. बीमार के खाने जैसा, पर अच्छा है."

पुढच्या रविवारी मी लिंबू पिळत होते तेव्हा ती कुंडीतली ओव्याची पानं खुडून, बारीक चिरून घेऊन आली. "ये डाल के देखेंगे," म्हणाली. मी पातेलं तिच्याकडे सरकवलं.