अलंकार ओळखावा, तपासावाही

पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडले आणि त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' आली, ही आख्यायिका येथील लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यातील चमत्कार मी बाजूला ठेवतो. शिक्षक म्हणून मला एकच गोष्ट मोलाची वाटते : लिहिणारा जे लिहीत नाही, तेही वाचणाऱ्याला विचार करावयास लावते.

शाळेत मात्र आपण अलंकार शिकवतो ते ओळखण्यापुरते. 'सारखा' दिसले की उपमा, 'जणू' दिसले की उत्प्रेक्षा. गुण पदरात पडले की विषय संपला. त्या अलंकाराने वाचकाच्या मनाचे काय केले, हा प्रश्न विचारलाच जात नाही. माझ्या मते खरे भाषाशिक्षण तेथूनच सुरू होते.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. हे नावच विरोधाभास आहे. ज्यांना वाचा नाही, त्यांचा नायक बोलणार कसा? वाचक थबकतो आणि त्यांची वाचा कोणी हिरावली, या प्रश्नापाशी येतो. पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. ही उपमा शोभेसाठी नाही. ती वाचकाला आपला मजला शोधावयास लावते आणि जिना का बांधला नाही, असे विचारावयास भाग पाडते.

आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे दया पवार. त्यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण सांगणारा आणि ऐकणारा वेगळे. शिक्षणाने माणूस गावापासून कसा दुभंगतो, हे त्या रचनेतून कळते. सुट्टीत वसतिगृहातून घरी जाऊन आपल्याच उंबऱ्यावर अवघडून उभ्या राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एक कबुली. जयंतीची भाषणे मी अनेक वर्षे मुलांना लिहून दिली. त्यांत बाबासाहेब 'सूर्य' असत आणि टाळ्या हमखास पडत. एका वर्षी पाठांतर करताना आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, सूर्याला तहान लागते का?" त्याच आठवड्यात मी वर्गात महाडचा २० मार्च १९२७ चा सत्याग्रह शिकवला होता. मी निरुत्तर झालो. शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेले, तहानलेले मूल माझ्या रूपकात मावतच नव्हते. सूर्याला आपण नमस्कार करतो. त्याच्यासारखे होण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही. मनोऱ्याच्या उपमेने विचार जागा होतो, माझ्या सूर्याने तो दिपून जात होता. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत देणाऱ्या महापुरुषाला मीच भक्तीच्या शब्दांत बांधले होते.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. मूल भाषण पाठ करीत असेल, तर त्याला विचारा : ही उपमा कशासाठी? तिने काय दाखवले आणि काय झाकले? उत्तर देता आले नाही, तर ते वाक्य खुशाल गाळू द्या. टाळ्या थोड्या कमी पडतील, पण बोलणे त्या मुलाचे स्वतःचे असेल.

तथागतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. तराफा पैलतीरी जाण्यासाठी असतो, डोक्यावर घेऊन मिरवण्यासाठी नव्हे. धम्मालाही जो नियम लागू, तो अलंकारांना का लागू नसावा?

जय भीम!