हाताची घडी, तोंडावर बोट : एका आज्ञेचा इतिहास

#थ्रेड

१/ अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही शाळेच्या व्हरांड्यातून जावे, एक आज्ञा कानी पडतेच : "हाताची घडी, तोंडावर बोट!" क्षणार्धात वर्ग शांत होतो आणि या शांततेलाच 'लक्ष' समजले जाते. ही गफलत कोठून आली, आणि ती चूक आहे हे महाराष्ट्रातच कोणी सिद्ध करून दाखवले, याचा हा आढावा.

२/ प्रथम एक भ्रम दूर करावयास हवा. मुकाट बसणे ही 'आपली जुनी परंपरा' नव्हे. पंतोजींच्या शाळेत छडी होती, शिक्षा क्रूर होत्या, हे खरेच. त्या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ती मुकी नव्हती. धूळपाटीवर अक्षरे गिरवली जात. पाढे, पावकी, निमकी खड्या आवाजात एकसुराने म्हटली जात.

३/ अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर येथील लष्करी अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने एतद्देशीय शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. तो प्रकार त्याने आपल्या अनाथालयात आणला, मोठ्या मुलांकरवी धाकट्यांना शिकवले, आणि १७९७ साली या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये छापला.

४/ इंग्लंडात जोसेफ लँकेस्टरने अशाच पद्धतीला कवायतीचे रूप दिले. एका दालनात शेकडो मुले, लांबच लांब बाकांच्या रांगा, ठरावीक खुणा आणि ठरावीक हुकूम. शिक्षक एकच, म्हणून खर्चही थोडा. गरिबांच्या मुलांना स्वस्तात शिकवण्याची ही युक्ती होती.

५/ १८२० च्या दशकात मुंबईच्या 'नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी'ने देशी भाषांतील शाळांसाठी हीच लँकेस्टर पद्धत पसंत केली. वाळूत अक्षर रेखणारे बोट समुद्र ओलांडून गेले. परतले ते ओठांवर ठेवण्यासाठी.

६/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात खासगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागले. तपासनिसासमोर किती मुले उतरली, हे मोजले जाई. मुलाला किती कळले, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. अशा व्यवस्थेत घोकंपट्टी आणि शांतता हीच शाळेची गुणवत्ता ठरली, तर नवल काय?

७/ याला उत्तर मिळाले ते बोरिवलीच्या पुढे, त्याच पश्चिम रेल्वेमार्गावर. घोलवड स्थानकाजवळच्या बोर्डी गावात १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. त्यांना गुरे राखायची होती, धाकटी भावंडे सांभाळायची होती.

८/ 'यांना शिक्षणाची आवडच नाही,' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. मुले अंगणात होती, म्हणून शाळा अंगणात गेली. गुरांमागे कुरणात होती, म्हणून कुरणशाळा भरली. पाने, बिया, खडे हेच शैक्षणिक साहित्य झाले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज देशभर रुळलेला 'अंगणवाडी' हा शब्द याच परंपरेतला.

९/ दुसरे उत्तर शहरातले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आधाराने स्थापन झाले आणि नाना चौकातील पालिका शाळेच्या इमारतीत त्याचे काम सुरू झाले. पुढे ते मानखुर्दला, पूर्व उपनगरात आले. संस्थापक-संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांनी शोधले : मुलांना अडते ते विज्ञान, की पुस्तकाची भाषा?

१०/ आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, तेव्हा आकलन सुधारले. पालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राने आठवीपासून शालान्त परीक्षेपर्यंत मार्गदर्शनाचे वर्गही चालवले. त्यांत प्रश्न, चर्चा आणि प्रयोग यांवर भर होता. ज्यांना 'मागे पडलेली' म्हटले जाई, तीच मुले परीक्षेत चमकली. मुले बदलली नव्हती. त्यांच्याशी बोलण्याची रीत बदलली होती.

११/ एवढा अनुभव घराजवळ असताना आजचा उपाय कोणता? यंत्र. २०१५ साली मुंबई महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. खासगी शाळांच्या जाहिरातींत डिजिटल फळे झळकतात. साधन वाईट नसते. पण न कळणारे वाक्य खडूने लिहिले काय किंवा पडद्यावर उजळले काय, ते न कळणारेच राहते.

१२/ आणि भाषेचे काय? उपनगरांत मराठी माध्यमाच्या तुकड्या एकामागून एक बंद होत आहेत. घरी कानावर न पडणाऱ्या भाषेत मूल सहा तास बसते आणि पालकसभेत तक्रार होते, 'त्याचे लक्ष नसते.' लक्ष जडायला आधी शब्द कळावे लागतात. दोष मोबाईलच्या माथी मारणे सोयीचे आहे, कारण मग माध्यमाची निवड तपासावी लागत नाही.

१३/ शिक्षकांचा आक्षेप मात्र रास्त आहे : वर्ग भरगच्च, अभ्यासक्रम अफाट, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ही कामे मान्य करतो. पण तोच कायदा प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक मागतो, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतो, कृतीतून व शोधातून शिकणे सांगतो, आणि शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम सुचवतो.

१४/ म्हणून जाब एकट्या शिक्षकाला नव्हे, तर शाळा चालवणाऱ्यांना आणि निवडणाऱ्यांना विचारला पाहिजे. घाटकोपर असो वा बोरिवली, पालकसभेत 'शिस्त कशी आहे?' हा प्रश्न पुष्कळ झाला. आता विचारावे : 'या आठवड्यात माझ्या मुलाने वर्गात कोणता प्रश्न विचारला?' उत्तर नसेल, तर ओठांवरचे ते बोट अजून तेथेच आहे.